वर्गात कुणाला काय मिळतं ते मोजायचं कसं

बीएड-डीएडची पोरं-पोरी कृती संशोधनाचे, म्हणजे शिक्षकानं आपल्याच वर्गात करायच्या छोट्या अभ्यासाचे, विषय दाखवायला येतात माझ्याकडं, आणि बहुतेक विषय एकाच साच्यातले असतात. ‘इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांना भागाकारात येणाऱ्या अडचणींचा अभ्यास व उपाय’. विषय चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण हे वाचताना दरवेळी वाटतं की अडचण पोरातच आहे हे आपण विषय लिहितानाच ठरवून मोकळं झालो. त्या पोराला वर्षभरात फळ्यापाशी किती वेळा बोलावलं, त्याची वही कितीदा नीट तपासली, ऊस सुरू झाल्यावर ते किती दिवस घरी बारक्याला सांभाळत बसलं, हे कोण बघणार? मी बारा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, आता शिक्षण आणि सामाजिक न्याय या विषयातच संशोधन करते, आणि माझं म्हणणं एवढंच की पोरात काय कमी आहे ते शोधायच्या आधी शाळेनं कुणाला काय दिलं ते मोजा. कसं मोजायचं ते खाली सांगते. पैसा लागत नाही, एक शंभर पानी वही आणि महिनाभर चिकाटी लागते.

वहीच्या पहिल्या पानावर फक्त प्रश्न लिहायचा, आणि प्रश्नात पोराचं नाव, जात, ‘मंदगती’ असला कुठलाही शब्द येऊ द्यायचा नाही. ‘माझ्या वर्गात बोलायची संधी कुणाला मिळते?’ असा प्रश्न चालेल. ‘मुली गणितात मागं का?’ असा नको, कारण त्यात उत्तर आधीच भरलेलं आहे. आणि एका वेळी एकच प्रश्न घ्या. नवीन माणसाला सगळंच बघायचं असतं, जात पण, मुली पण, गरिबी पण, भाषा पण, मग पंधरा दिवसांत वही कपाटात जाते.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक तुम्हाला माहीत असतील, गारगोटीला मौनी विद्यापीठ त्यांनीच उभं केलं आणि पुढं देशाचं शिक्षण तपासणाऱ्या १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य सचिव होते. ते आपल्या देशातलं शिक्षण तीन बाजूंनी तपासायचे, संख्या, गुणवत्ता आणि समता, आणि तिन्ही एकदम हाताला लागत नाहीत हे त्यांनी पुन्हापुन्हा मांडलं. मी वहीत तसेच तीन रकाने पाडते. किती पोरं वर्गात आहेत, काय शिकतायत, आणि ते कुणाच्या वाट्याला किती येतंय. पहिल्या दोन रकान्यांची माहिती वर जातेच, पोर्टलवर भरतो आपण. तिसरा रकाना कुणी मागत नाही म्हणून तो आपणच भरायचा.

सुरुवात तासापासून करा. वर्गाचा नकाशा काढायचा, कोण कुठं बसतं ते चौकोनांत, नावाऐवजी नंबर. मग एक सहकारी मागं बसवायचा आणि त्यानं फक्त खुणा करायच्या: बाईंनी प्रश्न विचारला की त्या चौकोनात उभी रेघ, शाबासकी दिली की टिंब, रागावलं की फुली. दुसरं काही लिहायचं नाही, शिकवणं चांगलं की वाईट ते तर अजिबात नाही, नाहीतर ते इन्स्पेक्शन होतं आणि सहकारी दुसऱ्यांदा बसत नाही. द्विशिक्षकी शाळेत मोकळा माणूस कुठून आणायचा हा प्रश्न येतो, तिथं मुख्याध्यापकांना सांगून फोनचं रेकॉर्डिंग लावा, रात्री स्वतः ऐकून खुणा करा आणि लगेच डिलीट करा. एक तास पुरत नाही. मराठीचा, गणिताचा आणि परिसर अभ्यासाचा असे निदान तीन तास घ्या, कारण गणितात गप्प असणारं पोरगं परिसरात शेताबद्दल भडाभडा बोलतं असं होतं.

माझा पहिला नकाशा भरून आला तो दिवस मला अजून आठवतो. वर्गात ३१ पोरं, तासाभरात मी ४६ प्रश्न विचारलेले आणि त्यातले २९ पुढच्या दोन ओळींतल्या पाच जणांकडं गेलेले. अकरा पोरांचं नाव अख्ख्या तासात माझ्या तोंडून निघालं नव्हतं. मला वाटायचं मी सगळ्यांना सारखं बघते, मनापासून वाटायचं. आणि त्या अकरातली सात पोरं गावाच्या एकाच बाजूच्या वस्तीतली होती. मी त्यांना मुद्दाम टाळलं नव्हतं, पण त्यांच्या चौकोनांत रेघ नव्हती एवढं खरं. रात्री झोप लागली नाही.

म्हणून सांगते, पहिल्या मोजणीचा आकडा कुणाला दाखवू नका, दोन दिवस स्वतःजवळ ठेवा. दोष देण्यात आणि दोष घेण्यात वेळ गेला की बदल राहून जातो.

बदल काय करायचा तर सगळ्यात सोपा म्हणजे थांबणं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी विज्ञानाच्या तासांची रेकॉर्डिंग तपासली, तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंदच थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात नाहीतर स्वतःच उत्तर देतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबायला लागल्यावर उत्तरं लांब यायला लागली, ‘येत नाही’ म्हणणारे कमी झाले, आणि ज्यांना शिक्षक कच्चे समजत होते ती पोरंही बोलायला लागली. आपल्याकडं तर हे जास्तच लागू आहे, कारण चंदगडकडचं पोरगं असेल नाहीतर घरात कन्नड बोलणारं असेल, तर त्याला प्रश्न आधी आपल्या बोलीत फिरवून घ्यावा लागतो, मग उत्तर पुस्तकी मराठीत बसवावं लागतं. इचलकरंजीत यंत्रमागावर आलेल्या हिंदी भाषिक कुटुंबांची पोरं मराठी शाळेत असतात, त्यांचंही तेच. मी टेबलाखाली तीन बोटं एकेक करून मिटते, तिसरं मिटेपर्यंत कुणाचंही नाव घ्यायचं नाही. पहिल्या आठवड्यात ती शांतता अंगावर येते. पण टिकवा.

आता कामं. हा भाग लोकांना बारीकसारीक वाटतो पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. झाडू कोण मारतं, पाण्याचा पिंप कोण भरतं, शौचालयात पाणी ओतायला कुणाला पाठवलं जातं, साहेब आले की चहा आणायला कोण जातं, पोषण आहाराच्या वेळी कोण वाढतं, आणि दुसऱ्या बाजूला मॉनिटर कोण, परिपाठात सुविचार कोण सांगतं, २६ जानेवारीला भाषण कुणाचं, झेंड्याजवळ कोण उभं राहतं. महिनाभर रोज शाळा भरायच्या आधी पंधरा मिनिटं लवकर या आणि बघा. पोरांना विचारू नका, ‘झाडू कोण मारतं गं?’ विचारलं की ‘सगळे मारतो बाई’ हेच उत्तर येतं. डोळ्यांनी बघा आणि नंबर लिहा.

महिन्याच्या शेवटी दोन याद्या शेजारी ठेवा, हाताच्या कामाची आणि मानाच्या कामाची. दोन्ही याद्यांत तीच पोरं असतील तर उत्तम. पण झाडूच्या यादीत पोरीच पोरी आणि माइकच्या यादीत पोरं, किंवा एकाच वस्तीचे नंबर पहिल्या यादीत परतपरत येत असतील, तर तुमच्या अभ्यासाचा गाभा तिथंच आहे. राजर्षी शाहूंनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या पोरांना एकाच शाळेत घ्यायचा हुकूम काढला. दाराचा प्रश्न त्यांनी असा सोडवला. आत आल्यावर पोराच्या हातात झाडू येतो का खडू, हे मात्र रोज सकाळी त्या वर्गाचे गुरुजी नाहीतर बाई ठरवतात. उपाय म्हणून कामं रोल नंबरप्रमाणं फिरवा, दोन्ही याद्या फिरवा, आणि झाडूच्या पाळीत शिक्षकांचंही नाव घाला. माझ्या एका शाळेत गुरुजींनी स्वतःच्या पाळीला झाडू घेतला त्या दिवशी चार पालक गेटवर थांबून बघत होते. त्यानंतर कामाच्या पाळीबद्दल एकही तक्रार आली नाही.

जातीची माहिती शाळेला लागते, शिष्यवृत्तीला लागते, ते खरं आहे. पण भर वर्गात ‘एससीची पोरं उभी रहा, फॉर्म आलेत’ हे अजून चालतं आणि ते बंद करायचं असेल तर त्यामागचं संशोधन हाताशी ठेवा, कारण ‘त्यात काय झालं बाई?’ असं कुणीतरी म्हणणारच. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या संशोधक बायकांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात कुणी उच्चारली नाही तेव्हा वरच्या आणि खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांत फरक दिसला नाही. सगळ्यांसमोर नाव, गाव आणि जात जाहीर केली तेव्हा मात्र खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांनी सोडवलेली कोडी चांगलीच कमी झाली. पोरं तशीच, कोडी तशीच, नुसत्या पुकाऱ्यानं हा फरक पडला. म्हणून फॉर्म पाकिटात घाला, घरी द्या, पालक शाळेत येतील तेव्हा हातात द्या, वाटेल ते करा, पण यादी मोठ्यानं वाचू नका.

पेपर तपासताना हीच काळजी. रेमा हॅना आणि ली लिंडन या दोघा संशोधकांनी २०१२ साली एक अभ्यास छापला. त्यात भारतातल्या एका शहरात पोरांच्या उत्तरपत्रिकांच्या वरच्या पानावर वय, मुलगा-मुलगी आणि जात अशी माहिती चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटेल तशी चिकटवली आणि पेपर शिक्षकांना तपासायला दिले. खालची समजली जाणारी जात चिकटलेल्या पेपरांना थोडे कमी मार्क पडले. फरक लहान होता, पण होता, आणि तो मुख्यतः वरच्या जातीच्या शिक्षकांमुळं आला असंही नव्हतं, खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींतल्या शिक्षकांकडूनच तो जास्त दिसला. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. म्हणजे ‘मी तर त्याच समाजातली आहे, माझ्याकडून होणार नाही’ असं कुणालाच म्हणता येत नाही. आणखी एक बारकावा त्यात आहे: गठ्ठ्यात सुरुवातीला तपासलेल्या पेपरांत हा फरक जास्त होता. तेव्हा करायचं असं, नाव-नंबरावर कागद पिनांनी लावायचा, पहिले पाचसहा पेपर मार्क न देता नुसते वाचायचे, उत्तरं कशी आलीत त्याचा अंदाज घ्यायचा, आणि मग एकेक प्रश्न घेऊन सगळ्या गठ्ठ्यातला तोच प्रश्न तपासायचा. वेळ जरा जास्त जातो. चाचणीपुरतं तरी करून बघा.

हजेरीपट हा सगळ्यात मोठा खजिना आणि तो रोज आपल्या टेबलावर असतो. आपण तो आडवा वाचतो, एकेका पोराची टक्केवारी काढतो. उभा वाचा. महिन्याप्रमाणं गैरहजर पोरांचे नंबर एका कागदावर उतरवा आणि शेजारी गावात तेव्हा काय चाललं होतं ते लिहा. जुलै-ऑगस्टमध्ये गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडं ओढ्याला पाणी आलं की धनगरवाड्यावरची पोरं येत नाहीत, रोप लावणीला मोठ्या पोरी घरी राहतात, शिरोळ-करवीरच्या नदीकाठच्या गावांत पंचगंगेचं पाणी चढलं की शाळाच निवारा होते, २०१९ ला आणि २०२१ ला आपण बघितलंच. म्हाई म्हणजे गावची जत्रा, जोतिबाची यात्रा, ते चारदोन दिवस सोडून द्या, ती सगळ्यांचीच सुट्टी असते. तुम्हाला बघायचं ते हे की कुठल्या महिन्यात ठरावीक पोरंच गळतात. धनगरवाड्यावरचं पोरगं जुलैत पंधरा दिवस नसेल तर ‘अनियमित’ हा शेरा ओढ्याला द्यायला पाहिजे, आणि ते आल्यावर त्या पंधरा दिवसांतलं शिकवायची जबाबदारी आपली आहे. किती मागं राहिलंय ते बघायला मोठी परीक्षा नको, एकेकाला जवळ बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असं वाचायला द्या, पाच मिनिटांत कळतं.

पण हजेरीपटात जी नाहीतच त्यांचं काय? ऑक्टोबर-नोव्हेंबरात साखर कारखाने पेटले की बीड आणि मराठवाड्यातल्या बाकी भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. गावाबाहेर त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात, आपल्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर, आणि त्यातली पोरं आपल्या पटावर नसतात म्हणून आपल्या अभ्यासातही नसतात. तिथं जायचंच. कधी जायचं हे मात्र कळलं पाहिजे. पहाटे फडात तोड चालू असते, दुपारी बायका चुलीपाशी नाहीतर मोळ्या बांधायला, त्यामुळं मी अंधार पडल्यावर जाते, जेवणं व्हायच्या सुमाराला, आणि आधी टोळीच्या मुकादमाला सांगून ठेवते, नाहीतर लोकांना वाटतं कुणीतरी चौकशीला आलं. फॉर्म आणि पेन बाहेर काढायचं नाही. बसायचं, गाव कुठलं विचारायचं, पाऊस कसा झाला विचारायचं. जात विचारायचीच नाही.

एका कोपीवर मी शाळेचं महत्त्व सांगायला लागले होते तर ती बाई शांतपणे म्हणाली, “म्याडम, थोरलीला शाळंत घातलं तर बारकं कोण बघल?” नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी, दोघांच्या नावावर उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, एक जण फडात गेला नाही तर तोड होत नाही, म्हणून नऊ वर्षांची पोरगी दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन दिवस काढते. मी त्या पोरीच्या नावापुढं ‘शाळाबाह्य, कारण पालकांची उदासीनता’ असं लिहिलं असतं तर ते धडधडीत खोटं झालं असतं. आमच्या शाळेला लागून अंगणवाडी होती. सेविकाताईंशी बोलून बारक्याला तिथं बसवलं आणि थोरली दुसऱ्या दिवसापासून वर्गात आली. सगळीकडं एवढं सोपं होत नाही, पण तो प्रश्न त्या बाईनं सांगितला नसता तर मला सुचलाच नसता.

प्रवेशाला कुणी कागद मागत असेल तर शिक्षण हक्क कायदा २००९ दाखवा. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला हेही कारण चालत नाही, आणि वयाप्रमाणं ज्या वर्गात बसायला पाहिजे त्याच वर्गात घेऊन मागं राहिलेलं भरून काढायला खास शिकवायचं अशी तरतूद आहे. पोरं परत गावी निघतील तेव्हा शिक्षण हमी पत्रक, म्हणजे पुढच्या शाळेत दाखवायचा कागद, भरून द्यायला विसरू नका, कोपी उठते ती एका रात्रीत उठते.

एवढं जमलं की आकडे मांडायचे कुठं? केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेत लगेच नको. आधी शाळेतल्या दोघातिघांसमोर, आणि स्वतःच्याच वर्गाचा नकाशा ठेवायचा, दुसऱ्याचा कधीही नाही. मग शाळा व्यवस्थापन समितीत. कायद्याप्रमाणं तिथं तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या बायका असतात, आणि दुर्बल व वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते, कागदावर तरी. बैठक कधी होते बघा. दुपारी दोनला ठेवली तर मजुरीला जाणारी आई येणार कशी? सही घरी पाठवून घेतली जाते, आणि तिचं म्हणणं कुणालाच कळत नाही. मी बैठक संध्याकाळी सातला घ्यायला लावली, एकदाच आग्रह धरला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा पिण्याच्या पाण्याबद्दल खालच्या गल्लीतल्या एका आईनं तोंड उघडलं. समितीत बोलायच्या संधीही मोजा हो. तिथंही चौकोन काढा, रेघा मारा, सरपंच-पाटलांच्या चौकोनात किती आणि बाकीच्यांच्यात किती.

मग एकच गोष्ट बदला. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञानं १९४६ मध्ये कृती संशोधनाची जी कल्पना मांडली ती अशीच फिरती आहे, बघा, ठरवा, करा, परत बघा, परत ठरवा. आपल्या बीएडच्या फायलीत ती एकाच फेरीत संपते, पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, बाइंडिंग. तुम्ही तीन आठवडे फक्त तीन बोटं मिटून बघा नाहीतर फक्त कामाच्या याद्या फिरवा, दोन्ही एकदम केलं तर कशानं काय झालं ते कळणार नाही.

दुसऱ्या मोजणीला तोच विषय, तीच वेळ, शक्यतो तोच मोजणारा ठेवा. शनिवारची सकाळची शाळा आणि सोमवारचा दुपारचा तास यांची तुलना होत नाही. माझ्या दुसऱ्या नकाशात त्या अकरातल्या चार चौकोनांत रेघा आल्या होत्या, सातांत तेव्हाही नाहीत, त्यांच्यासाठी मी जागाच बदलल्या, दर सोमवारी मागची ओळ पुढं. तिसऱ्या मोजणीत दोनच कोरे राहिले. त्यातल्या एकाला ऐकायलाच कमी येत होतं, हे आम्हाला त्यानंतर कळलं, डॉक्टरांकडं नेल्यावर. दोन वर्षं तो पोरगा आमच्यात ‘लाजरा’ म्हणून बसला होता.

वही शाळेत ठेवू नका, घरी ठेवा. नंबर आणि नावं यांची जुळणी वेगळ्या कागदावर, आणि वर्ष संपलं की तो कागद फाडून टाका.